झोळीचा दांडा: कुणाच्या खांद्यावर किती? (प्रकल्प नोंदी)

११ मे २०२४

आमची वाडी भोर तालुक्यात, नीरा-देवघरच्या पाण्याच्या वरच्या अंगाला. डांबरी सडकेपर्यंत पायवाट आहे आणि ती सगळी उताराची. गेल्या आषाढात आजी अंगणात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. घोंगडी आणि सोलापुरी चादर मिळून झोळी केली, वेळूच्या दांड्याला बांधली, आणि तिला खाली नेलं. पुढे दादा, मागे तात्या (माझे थोरले चुलते, वय ५८). शस्त्रक्रिया झाली, आजी आता काठी घेऊन चालते. पण तात्यांचा उजवा खांदा त्या दिवशी जो सुजला तो महिनाभर उतरला नाही. दादाला काहीच झालं नव्हतं. सगळे म्हणाले, तात्यांचं वय झालं.

मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुळईच्या दोन टोकांना किती किती प्रतिक्रिया येते याची चाळीसएक गणितं वहीत सोडवली आहेत. दोन खांदे म्हणजे दोन टेकू, दांडा म्हणजे तुळई. मग तेच गणित इथे का लावायचं नाही? सुट्टीतला प्रकल्प हाच घ्यायचा असं आज ठरवलं.

सामान: तो जुना दांडा अजून पडवीत आहे. दुसरा प्रयोगासाठी, ३ मीटरचा वेळू. भंगारवाल्याकडे असतात तसे हुकाचे डिजिटल काटे दोन, प्रत्येकी ५० किलोपर्यंतचे. वाळूचं पोतं. सुंभ आणि नायलॉनची दोरी. फोनमधला कोनमापक.

१३ मे

गोठ्याच्या आढ्याला दोन काटे टांगले, एकमेकांपासून २४० सें.मी. वर, आणि वेळू त्यांच्या हुकांत आडवा अडकवला. दोन्ही बाजूंना ३० सें.मी. बाहेर, खांद्यावर घेताना राहतो तसा.

नुसता वेळू: बुंध्याकडे ३.४, शेंड्याकडे २.६. एकूण ६ किलो. म्हणजे रिकाम्या दांड्यातही वाटणी सारखी नाही. बुंधा जाड, त्यामुळे गुरुत्वमध्य बरोबर मध्यावर नसून बुंध्याकडे सरकलेला. कितीने, तेही निघतं: बुंध्याच्या टेकूभोवती आघूर्ण, म्हणजे वजन गुणिले टेकूपासूनचं अंतर, घेतलं (कॉलेजात आम्ही टॉर्कच म्हणतो), तर २.६ × २४० = ६ × क्ष. क्ष = १०४ सें.मी. मध्यापासून १६ सें.मी. बुंध्याच्या बाजूला. वेळू काढून सुरीच्या पाठीवर तोलून पाहिला. टेकूच्या खुणेपासून १०३ वर तोलला. एवढ्याने मला फार आनंद झाला. दादा म्हणाला, "एवढ्यासाठी काटे आणले?"

१४ मे

३० किलो वाळूचं पोतं एकाच दोरीने टांगून वेगवेगळ्या जागी सरकवलं.

मध्यावर: बुंधा १८.३, शेंडा १७.७. वेळूचे ३.४ आणि २.६ वजा केले की जवळजवळ १५-१५.

बुंध्याच्या टेकूपासून ८० सें.मी. वर, म्हणजे एक तृतीयांश अंतरावर: बुंधा २३.२, शेंडा १२.७. वेळू वजा जाता १९.८ आणि १०.१. हिशोबाने २० आणि १० यायला हवे होते.

४० सें.मी. वर: बुंधा २८.३, शेंडा ७.७. वजा जाता २४.९ आणि ५.१.

शेवटचा आकडा पुन्हा पुन्हा वाचला. पोतं तेच, वजन तेच, माणसं दोनच. आणि एकाच्या खांद्यावर दुसऱ्याच्या पाचपट. जो भाराच्या जवळ, त्याच्याकडे जास्त, हे कुणालाही ठाऊक असतं. पण 'किती जास्त' हे डोळ्याला कळत नाही. ८० वर दुप्पट होतं, तिथून नुसतं ४० सें.मी. (दोन वितींहून थोडं कमी) बुंध्याकडे सरकलं की पाचपट.

दादाला दोन्ही टोकं आलटून पालटून धरायला लावली. शेंड्याकडे आल्यावर तो काही बोलला नाही, दांडा एका हाताने उचलून धरला.

१५ मे

आज तात्या स्वतःहून गोठ्यात आले. त्यांनी लहानपणी कावडीने पाणी वाहिलंय. त्यांचं म्हणणं, कावडीत एक हंडा जड असेल तर खांदा आपोआप त्या हंड्याकडे सरकतो, कुणी शिकवावं लागत नाही. लगेच करून पाहिलं. दीड मीटरची काठी, एका टोकाला १८ किलो, दुसऱ्या टोकाला १२. काठी तोलली ती जड टोकापासून ६१ सें.मी. वर. हिशोब सांगतो ६०.

कावड आणि झोळी या एकाच समीकरणाच्या दोन बाजू आहेत. कावडीत टेकू एक आणि भार दोन. झोळीत भार एक आणि टेकू दोन. फरक माणसाच्या दृष्टीने मोठा आहे: कावडवाला टेकू सरकवू शकतो, झोळीवाल्याच्या हातात तसं काही नसतं. गाठ कुठे मारली यावर त्याचं नशीब ठरतं, आणि गाठ मारताना घाईत कुणी मोजत नाही.

१८ मे

माणूस हा वाळूच्या पोत्यासारखा नसतो. झोपलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य कुठे?

फळी घेतली, ९ किलोची, १८० सें.मी. अंतरावर दोन टेकू, प्रत्येकाखाली पायाखालचा वजनकाटा. एक अंगणवाडीतून मागून आणला, एक आत्याच्या घरचा. रिकाम्या फळीला दोन्हीकडे ४.५. तळपाय एका टेकूच्या बरोबर वर ठेवून मी आडवी झाले. डोक्याकडचा काटा ३४.७. फळी वजा जाता ३०.२. माझं वजन ५८. म्हणून गुरुत्वमध्य तळपायापासून ३०.२ × १८० ÷ ५८ = ९३.७ सें.मी. माझी उंची १६८. म्हणजे उंचीच्या ५६ टक्क्यांवर, साधारण बेंबीच्या जरा खाली.

थोडक्यात, माणसाचं डोक्याकडचं अर्ध जड असतं. झोळीत डोकं ज्याच्या बाजूला, त्याच्याकडे भार जास्त. आणि उतरताना डोकं नेहमी वरच्या बाजूला ठेवतात, नाहीतर आजाऱ्याला त्रास होतो. वरच्या बाजूला, म्हणजे मागच्याकडे. तात्यांकडे.

२० मे

पडवीतला जुना दांडा उतरवला. त्यावर गेल्या वर्षीचे दोरीचे व्रण अजून आहेत! खांद्याच्या जागाही गोणपाटाने घासून गुळगुळीत झालेल्या दिसतात. टेप लावला.

खांद्यापासून खांद्यापर्यंत २७० सें.मी. डोक्याकडची गाठ तात्यांच्या खांद्यापासून ४० वर. पायाकडची गाठ १९० वर, म्हणजे दादाच्या खांद्यापासून ८० वर. दादाच्या पाठीला पाय लागू नयेत म्हणून तिकडे मोकळी जागा सोडलेली. दांड्याचं वजन ७ किलो, बुंधा मागे: तात्यांकडे ४, दादाकडे ३.

आजीचं वजन तेव्हा ४६, चादर-घोंगडी ३, मिळून ४९. तिचा गुरुत्वमध्य डोक्याकडच्या गाठीपासून साधारण ६५ सें.मी. वर धरला (गुडघे थोडे दुमडलेले होते), म्हणजे तात्यांपासून १०५ वर. सपाटीवरचा हिशोब: झोळीतले १९ किलो दादाकडे, ३० तात्यांकडे. दांडा मिळवून दादा २२, तात्या ३४.

हे सपाटीचं. वाट सपाट नव्हती.

२१ मे

उतारावर कुणाकडे जास्त? वाडीत ज्याला ज्याला विचारलं त्याने एकच उत्तर दिलं: खालच्याकडे. पोती जिन्यावरून नेणारे, सामान चढवणारे, सगळ्यांचा हाच अनुभव. तात्याही हेच म्हणाले आणि पुढे म्हणाले, "म्हणून तर पोराला पुढं ठेवलं होतं."

म्हणजे त्यांनी विचार करून तरण्या माणसाला खाली ठेवलं होतं.

२३ मे

गोठ्यात उतार तयार केला. शेंड्याकडची दोरी लांबवून वेळू २० अंशांत तिरका केला, बुंधा वर. पोतं ३० किलो, मध्यावर, एकाच दोरीने. वाट पाहत होते की खालचा काटा वाढेल.

वर १८.४, खाली १७.६. काहीच बदल नाही!

पाच मिनिटांनी लक्षात आलं की यात नवल नाही. वजन सरळ खाली ओढतं, दोन्ही काटे सरळ वर ओढतात, म्हणून टॉर्कसाठी फक्त आडवी अंतरं मोजायची. दांडा तिरका झाला की दोन्हीकडची आडवी अंतरं सारख्याच प्रमाणात आखडतात. गुणोत्तर तेच राहतं. भार दांड्याच्या एकाच बिंदूला मोकळा लोंबत असेल तर उतार कितीही असो, वाटणी हलत नाही.

पण झोळी दोन ठिकाणी बांधलेली असते.

२४ मे

मध्यापासून दोन्हीकडे ६०-६० सें.मी. वर दोऱ्या बांधल्या, पोतं दांड्याच्या खाली ६० सें.मी. लोंबेल अशी. २० अंश. वर १६.२, खाली १९.८.

म्हणजे खालच्याकडे जास्त. लोक म्हणत होते तेच खरं, असं वहीत लिहिलंसुद्धा. मग पोत्याकडे पाहिलं तर ते मध्यावर नव्हतंच. मी एकच लांब दोरी पोत्याच्या कडीतून ओवली होती. दांडा तिरका होताच कडी दोरीवरून घसरून खालच्या बाजूला गेली होती. मी मोजत होते ती उताराची गोष्ट नव्हती, घसरण्याची होती.

कडीपाशी दोरीला घट्ट गाठ मारली, दोन्ही बाजूंच्या दोऱ्या समान. पुन्हा २० अंश. वर २१.०, खाली १५.१.

उलट झालं. वरच्याकडे जास्त.

गाठ सोडून पुन्हा केलं, बांधून पुन्हा केलं. प्रत्येकी तीनदा. दर वेळी तसंच.

२५ मे

रात्री आकृती काढली तेव्हा कारण सरळ दिसलं. दोन दोऱ्यांनी घट्ट बांधलेलं पोतं दांड्यासकट एकच अखंड त्रिकोण होतं. दांडा तिरका झाला की तो त्रिकोणही तेवढाच फिरतो, आणि दांड्याच्या *खाली* असलेला गुरुत्वमध्य फिरताना वरच्या टोकाच्या दिशेने सरकतो. घड्याळाचा लंबक हाताने कलता धरल्यासारखं. गुरुत्वमध्य दांड्याच्या *वर* असता तर तोच खालच्या टोकाकडे सरकला असता.

किती सरकतो त्याचं सूत्र लहानसं आहे. वरच्याचा वाढीव वाटा = (लोंबती खोली ÷ खांद्याखांद्यातलं अंतर) × टॅन(उताराचा कोन). माझ्या मांडणीत ६० ÷ २४० × ०.३६४ = ०.०९१. तीस किलोंचे २.७ किलो. म्हणजे वर १७.७ + ३.४ = २१.१ आणि खाली १२.३ + २.६ = १४.९. काट्यांनी २१.० आणि १५.१ दाखवलं होतं.

आता वाडीतल्या सगळ्यांचा अनुभवही खोटा ठरत नाही. कपाट जिन्यावरून नेताना आपण तळाच्या कडेला धरतो, त्याचा गुरुत्वमध्य हातांच्या रेषेच्या वर असतो, म्हणून भार खालच्याकडे उतरतो. ८० किलोचं लोखंडी कपाट, लांबी १९०, जाडी ४८, आडवं धरलेलं, जिना ३२ अंशांचा: खालच्याला ४६, वरच्याला ३४. हे ज्याने खालून उचललंय तो आयुष्यभर सांगणार की खालच्याकडे जास्त येतं. त्याचं बरोबरच आहे. झोळी मात्र लोंबते.

(कोन बदलताना आढ्याच्या दोऱ्या आत सरकवाव्या लागतात, नाहीतर त्या तिरक्या होतात आणि वाटणीत ०.४ किलोपर्यंत चूक येते. काल-परवाच्या आकड्यांत ही काळजी घेतली होती. दर वेळी दोन काट्यांची बेरीज ३६ च्या आसपास येते का तेही पाहते.)

२६ मे

आजीच्या झोळीचा उतारावरचा हिशोब. दगडी टप्प्यावर आज फोन ठेवून कोन घेतला, २० अंश. चादरीतल्या आजीचा गुरुत्वमध्य दांड्याखाली ६० सें.मी. चादर घट्ट गुंडाळलेली, आत घसरायला जागा नाही. ६० ÷ २७० × ०.३६४ = ०.०८१. एकोणपन्नास किलोंचे ४ किलो आणखी तात्यांकडे.

तात्या ३८. दादा १८.

दुपटीहून जास्त. ५८ वर्षांच्या माणसाने २५ वर्षांच्या माणसाच्या दुपटीने ओझं दोन तास उतरवलं, आणि वर महिनाभर वयाला बोल लावून घेतला. हा आकडा मी त्यांना संध्याकाळी दाखवला. ते थोडा वेळ वहीकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "मंजी मी म्हातारा झालो नव्हतो तर."

२८ मे

दादाची शंका: तो तात्यांपेक्षा १२ सें.मी. उंच, त्याचं काय? सपाटीवर १२ सें.मी. म्हणजे दांड्याला अडीच अंशांचा कल. सूत्रात घातलं तर अर्धा किलोही नाही. दोन माणसांच्या झोळीत उंची जवळजवळ बिनमहत्त्वाची.

चार माणसांत तसं नाही. आज वेळूच्या मध्यावर तिसरा काटा टांगला. त्याची दोरी जरा सैल, तर त्याच्यावर शून्य. तीच दोरी बोटभर आखडली, तर १४ किलो! टॉर्कची आणि बेरजेची मिळून समीकरणं दोनच, अज्ञातं तीन. मग उरलेला निकाल दांड्याचा ताठपणा आणि दोरीची लांबी लावतात. म्हणजे माणसांच्या बाबतीत उंची आणि पायाखालचा दगड. पालखीला चार-सहा खांदे असले की उंच माणूस का वाकून चालतो आणि बुटक्याच्या खांद्याला दांडा नुसता शिवून का जातो, ते यातून कळतं. शिखर शिंगणापूरला चैत्रात महादेवाच्या यात्रेत तेल्या भुत्याची मानाची कावड मुंगी घाटाने चढवतात, माणसांची साखळी करून. तिथे कुणाच्या वाट्याला क्षणाक्षणाला किती येत असेल ते माझ्या दोन समीकरणांच्या बाहेरचं आहे. तो घाट एकदा पाहायचा आहे.

१ जून

काटा ढकलत नाही, माणूस ढकलतो. हे मी आतापर्यंत सोडून दिलं होतं. उतारावर दांडा पुढे घसरतो. खालच्याने तो हाताने वर रेटून धरला तर दांड्याच्या दिशेने दाब येतो, आणि त्याचा उभा भाग खालच्याच्याच खात्यात जमा होतो. ५ किलोचा रेटा, २० अंश: १.७ किलो खाली सरकले. उलट वरच्याने दांडा मागे ओढून धरला तर तेवढेच वर. तात्यांना विचारलं, तुम्ही काय करत होतात? "मागं खेचून धरला होता, आजी पुढं जाऊ नये म्हणून." म्हणजे ३८ हाही कमीतला कमी आकडा.

४ जून

बदल काय करायचे? डोकं वरच राहणार, त्यात तडजोड नाही. बरोबर निम्मी वाटणी करायची तर झोळी ५५ सें.मी. पुढे सरकवावी लागते, म्हणजे पायाकडची गाठ दादाच्या खांद्यापासून २५ वर. पाय त्याच्या पाठीत घुसतील. ते बाद.

जमण्यासारखं असं: झोळी ३० सें.मी. पुढे (गाठी ७० आणि २२० वर). दांडा फिरवून बुंधा खाली, पुढच्याकडे. झोळी आखूड बांधून लोंबती खोली ६० ची ४५. आजीच्याच वजनाला, त्याच उतारावर: मागे ३०.५, पुढे २५.५. आणि तरणा माणूस मागे, वर. हा चौथा बदल फुकटचा आहे, आणि तोच लोकांना पटवणं सगळ्यात कठीण.

९ जून

खऱ्या माणसांवर चाचणी, देवळाच्या पायऱ्यांवर. पायरी १५ उंच, ३० रुंद. दोघांमध्ये ८ पायऱ्या. दोघांच्या पायाखाली एकेक वजनकाटा; आकड्यातून स्वतःचं वजन वजा केलं की उरतो तो खांद्यावरचा भार. झोळीत कोण? आजी लगेच तयार झाली. मी तिला हात जोडले आणि स्वतः झोपले.

दोन्ही वेळा वर तात्या आणि खाली दादा, म्हणजे तुलना नुसत्या बांधणीची होईल.

जुनी बांधणी: हिशोब वर ४७, खाली २१. काट्यांवर ४६ आणि २२.

नवी बांधणी: हिशोब वर ३७.४, खाली ३०.६. काट्यांवर ३८.२ आणि २९.६.

प्रत्येक वेळी पाच सेकंद कुणी हलायचं नाही, एवढंच अवघड होतं. नवी बांधणी खांद्यावर आली तेव्हा तात्या आपण होऊन म्हणाले, "दुसरं कुणी बसलंय का आत?" मी तीच होते, ५८ किलो.

आभाळ भरून आलंय. उद्यापासून तरवा टाकायची गडबड, नोंदी थांबतील.

१२ जून

जुन्या दांड्यावर पिवळ्या ऑइलपेंटने चार पट्टे मारले: दोन खांद्यांचे, दोन गाठींचे. बुंध्याकडे बाण, 'खाली'. झोळीची दोरी ४५ च्या खोलीला कापून कायमची त्यालाच बांधून ठेवली, म्हणजे रात्री-अपरात्री मोजत बसायला नको. दांडा पडवीतून काढून देवळात ठेवला, कुणालाही हाताशी लागेल असा.

२७ जून

काल पहाटे वरच्या आळीतल्या काकूंना न्यावं लागलं, ताप आणि ग्लानी. पाऊस होता. दादा मागे, वर, पुढे शेजारचा मुलगा, तात्या बदलीला. गाठी पट्ट्यांवरच मारल्या, मी टॉर्च धरला. दगडी टप्पा न थांबता उतरले; गेल्या वर्षी तिथे तीनदा टेकवावं लागलं होतं. काकूंना दुपारी सलाईन लावलं, आज बोलत आहेत.

एक अडचण: नागमोडी वळणावर काकूंचे पाय दोनदा पुढच्याच्या कमरेला लागले. त्या उंच आहेत. पुढच्या बाजूला ५० सें.मी. मोकळे ठेवले होते, ते कमी पडतात. दांडा ३० सें.मी. ने लांब हवा, म्हणजे खांद्याखांद्यात ३०० होतील आणि सूत्रातला भागाकारही वरच्याच्या बाजूने सुधारेल. ओढ्याकाठच्या बेटात सरळ वेळू आहे का ते पाऊस उघडला की तात्या बघणार आहेत.